थोरले भावंड म्हणजे फूटपट्टी नव्हे

शाळेच्या स्मरणिकेसाठी पालकांनीही चार शब्द लिहावेत, असे सुचविण्यात आले. अशा प्रसंगी कृतज्ञतेचे शब्द लिहिण्याचा प्रघात आहे. ती कृतज्ञता आमच्या मनात आहेच, आणि ती आमच्यापेक्षा समर्थ लेखणीने या अंकात अन्यत्र व्यक्त झालेली असेल. आम्हां उभयतांना येथे एक घरगुती विषय मांडावयाचा आहे. घरातील धाकट्या बाळाची वाढ थोरल्या भावंडाशी ताडून पाहण्याची आपल्या समाजात सार्वत्रिक सवय आहे. ती निरुपद्रवी समजली जाते. ती तशी नाही, असे आमचे मत आहे.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत तान्ह्या बाळाचा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, पाचवीत दाखल होणारे मूल वसतिगृहाच्या दाराशी केवळ पत्र्याची पेटी, ताट-वाटी आणि अंथरूण घेऊन येत नाही. स्वतःविषयीची एक समजूतही ते बरोबर आणते. ‘मी हुशार आहे’, ‘मी मागे आहे’, ‘माझ्या भावाला येते ते मला येत नाही’ ही ती समजूत. ती पाचवीत तयार होत नाही. तिची पहिली अक्षरे पाळण्यापाशी गिरवली जातात, आणि ती गिरविणारे आपणच असतो.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून आमच्या घरातील उदाहरण देतो. आमची कन्या गेल्या वर्षी या शाळेत पाचवीत दाखल झाली. तिचा धाकटा भाऊ आता १४ महिन्यांचा आहे. कन्या साडेदहा महिन्यांची असताना चालू लागली होती. धाकटा अद्याप भिंतीचा आणि खाटेचा आधार सोडावयास तयार नाही. कन्या वर्षाची होताना ‘आई’, ‘पाणी’, ‘दे’ असे शब्द स्वच्छ बोलत असे. धाकट्याचा बहुतेक व्यवहार बोट दाखवून चालतो आणि ‘बाबा’ हा एकच शब्द त्याने आजवर पक्का केला आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ही दोन मोजमापे घेतो आणि आपला निकाल देऊन जातो.

याच दोन मुलांविषयी आणखीही काही सांगता येते. कन्या अनोळखी चेहरा पाहताच आईच्या पदरात तोंड लपवीत असे. धाकटा कोणाच्याही कडेवर हसत जातो. कन्येला हातातील वस्तू फेकण्यात आनंद वाटे. धाकटा डब्याचे झाकण काढण्यात आणि पुन्हा लावण्यात अर्धा तास गुंतून राहतो. त्याच्याकडे पाहत बसणे हा आम्हांला मोठाच आनंद आहे. परंतु याविषयी कोणी विचारीत नाही. तुलना करणारा मनुष्य जे सहज मोजता येते तेवढेच मोजतो. चालणे आणि बोलणे मोजता येते. कुतूहल, चिकाटी आणि माणसांविषयीचा विश्वास यांना महिने लावता येत नाहीत.

दुसरी गोष्ट स्मरणाची. दहा वर्षांनंतर थोरल्या मुलाचे शैशव कोणाला जसेच्या तसे आठवत नाही. आजीच्या मते आमची कन्या नवव्या महिन्यात चालली, आत्याच्या मते दहाव्यात. तिने पहिले पाऊल टाकले त्या दिवशी आम्ही भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करून ठेवली होती, म्हणून साडेदहा हा आकडा सांगता येतो. स्मरणातील थोरले मूल वर्षागणिक अधिक लवकर चालू लागते, अधिक शहाणे होते, कमी रडते. धाकट्याची स्पर्धा अशा रीतीने प्रत्यक्ष भावंडाशी होतच नाही. घरातल्या एका दंतकथेशी होते. तीत तो जिंकावा कसा?

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतील निरोगी बालकांच्या वाढीचा विस्तृत अभ्यास केला. त्यातील भारतीय केंद्र दक्षिण दिल्लीत होते. यांपैकी पाच देशांतील बाळांच्या हालचालींच्या नोंदींवरून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावेत असे आहेत. आधारावाचून बसणे हे निरोगी बाळांत ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत केव्हाही घडते. हात व गुडघे टेकून रांगणे ५.२ ते १३.५ महिन्यांच्या दरम्यान आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. शंभरांपैकी सुमारे चार बाळे तर तशी रांगलीच नाहीत, आणि तरीही ती पुढे चालली.

चालण्यासाठीचा हा कालावधी नऊ महिन्यांहून अधिक रुंद आहे. एकाच आईच्या पोटी जन्मलेली दोन भावंडे त्याच्या दोन टोकांना असू शकतात आणि दोघेही पूर्णतः निरोगी असू शकतात. कारणे अनेक असतात. एक बाळ पूर्ण दिवसांचे असते, दुसरे तीन-चार आठवडे आधी जन्मलेले असते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाची प्रगती पाहताना ते जितके आठवडे लवकर आले तितके वयातून वजा करून पाहावे, आणि दोन वर्षांपर्यंत असे करावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. एका बाळाला अंगण मिळते, दुसऱ्याला भाड्याच्या खोलीतील गुळगुळीत फरशी. एकाचा स्वभाव धडपड्या, दुसरे आधी पाहून मग पाऊल टाकणारे. शिवाय धाकट्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याला हवे ते आणून देणारी ताई किंवा दादा घरात असतो. दोन भावंडे एका घरात जन्मली तरी ते घर दोन्ही वेळी तेच नसते. आईवडिलांचे वय, मिळकत, चिंता, घरातील वडीलधाऱ्यांची उपस्थिती हे सारे मधल्या काळात बदललेले असते.

इतके असूनही तुलना चालू राहते, आणि तिचे परिणाम दोन परस्परविरुद्ध दिशांनी होतात. पहिला परिणाम अनाठायी घाईचा. धाकटे चालत नाही म्हणून चाकांचा, मध्ये बसवून ढकलावयाचा वॉकर आणला जातो. त्याने बाळ लवकर चालत नाही. उलट पायऱ्यांवरून कोसळण्याचे आणि भाजण्याचे अपघात होतात. कॅनडाने तर २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र तो आजही बारशाच्या भेटींत येतो. बोलणे उमटत नाही म्हणून कोणी वेखंड उगाळून चाटवितात, कोणी दृष्ट काढतात, कोणी जीभ जड असल्याचे निदान ओट्यावर बसून करतात. आणि या सर्वांच्या शेवटी बोट येते ते आईकडे. तिने काय खाल्ले, तिने किती दूध पाजले, पहिल्या वेळेसारखी काळजी या वेळी का घेतली नाही, अशी विचारणा सुरू होते. बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या स्त्रीवर हा अन्याय आहे. विज्ञाननिष्ठ धम्म स्वीकारलेल्या घरांत तरी तो होऊ नये.

दुसरा परिणाम याच्या उलट आणि अधिक घातक आहे. तो खोट्या दिलाशाचा. ‘थोरलाही अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता पाहा कसा वाद घालतो’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलले’ ही त्याची भावंडे. एखाद्या बाळाला जन्मतः ऐकू येत नसते. असे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, हसते, आवाज काढते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पुढे शब्द फुटत नाहीत, तेव्हा थोरल्याचे उदाहरण पुढे येते आणि तपासणी लांबते. भाषा रुजण्याचे वय मात्र कोणासाठी थांबत नाही. नवजात बाळाची श्रवणचाचणी काही मिनिटांत, कोणत्याही वेदनेशिवाय होते. ती पहिल्या महिन्यात व्हावी, दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावे आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. थोरल्या भावाच्या उदाहरणाने गमावलेले दीड वर्ष नंतर कोणत्याही शाळेला सहजी भरून देता येत नाही.

म्हणजे थोरले भावंड ही फूटपट्टी दोन्ही बाजूंनी चुकीचे माप देते. काळजीचे कारण नसते तेथे ती भय दाखविते आणि कारण असते तेथे झोपविते. मोजावयाचेच असेल तर खरी मापे उपलब्ध आहेत. वर्ष पूर्ण होऊनही बाळ बडबड करीत नसेल, बोट दाखविणे किंवा टाटा करणे अशा खुणा करीत नसेल. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द उमटला नसेल. १८ महिन्यांपर्यंत ते एकट्याने चालत नसेल. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडून बोलत नसेल. किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेली गोष्ट करणे त्याने सोडले असेल, तर भावंड कसे होते याचा विचार न करता डॉक्टरांकडे जावे. आमचा धाकटा या मापांत बसतो, म्हणून आम्ही निश्चिंत आहोत. तो बसला नसता तर कन्येच्या साडेदहा महिन्यांनी त्याचे काहीच भले झाले नसते.

ही मापे तपासण्यासाठी मोठ्या शहरातच जावे लागते असेही नाही. १९७५ पासून आपल्याकडे अंगणवाडीची व्यवस्था आहे. तेथे बाळाचे वजन घेऊन वाढीच्या आलेखावर बिंदू मांडला जातो. या आलेखाचे शहाणपण असे की, त्यात बाळाची रेघ त्याच्या स्वतःच्या मागील महिन्यापासून पुढे ओढली जाते. एका बिंदूपेक्षा रेघेची दिशा महत्त्वाची असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याची पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळकरी मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. जन्मजात व्यंग, आजार, पोषणातील उणीव आणि विकासातील विलंब या चारही गोष्टी त्यांत पाहिल्या जातात, आणि गरज भासल्यास बालकाला जिल्ह्याच्या ठिकाणी पुढील उपचारांसाठी पाठविले जाते. हा आपला हक्क आहे. पथक येण्याच्या दिवशी बाळाला घेऊन मामाच्या गावी जाऊ नये, एवढे तरी आपण करू शकतो.

येथे एक आक्षेप संभवतो. तुलना केली नाही तर पालकाला कळावे कसे? थोरल्या मुलानेच तर आईबाप होणे शिकविलेले असते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या हालचाली, भीती, राग, हसू यांच्या तारीखवार नोंदी ठेवल्या होत्या. त्यांवर आधारलेला निबंध त्यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात आपल्या इतर मुलामुलींत दिसलेले फरकही नमूद केले. तेथेही भावंडांची तुलना आहे. परंतु ती फरक टिपण्यासाठी आहे, पायऱ्या लावण्यासाठी नाही. पाहणे आणि श्रेणी लावणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आमचा विरोध पाहण्याला नाही. पालकांनी डोळे उघडे ठेवावेत, वही ठेवावी, तारखा लिहाव्यात. विरोध आहे तो ‘पुढे’ आणि ‘मागे’ या शब्दांना.

भगवान बुद्धांच्या शिकवणीत या वृत्तीला नाव आहे. ते नाव ‘मान’. मी इतरांहून श्रेष्ठ आहे हा एक मान. मी इतरांच्या बरोबरीचा आहे हा दुसरा. मी इतरांहून हीन आहे हा तिसरा. हीनत्वाची भावनाही मानच होय, कारण तिन्हींत स्वतःला दुसऱ्याच्या शेजारी उभे करून मोजणे आहे. हे बंधन इतके चिवट आहे की अर्हत पदाला पोहोचल्यावरच ते पूर्णपणे तुटते, असे धम्म सांगतो. बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते याचे आपल्याला कौतुक असते. आपण मोठ्यांनी धरलेला मान सुटत नाही याकडे मात्र लक्ष जात नाही.

आणि भावंडांच्या तुलनेविषयी तर आपल्या परंपरेत एक स्वतंत्र कथाच आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या कन्येचे दोन पुत्र वाटेवर जन्मले, म्हणून त्यांना पंथक म्हणत; थोरला महापंथक, धाकटा चूळपंथक. दोघेही भिक्खू झाले. महापंथक तल्लख होता. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही. थोरल्याने धाकट्याला अपात्र ठरवून विहारातून निघून जावयास सांगितले. जीवकाच्या घरच्या भोजनासाठी भिक्खूंची गणना झाली तीतही त्याला वगळले. बुद्धांनी त्याला रडताना पाहिले. त्यांनी त्याला दुसरी गाथा दिली नाही आणि थोरल्यासारखा होण्याचा उपदेशही केला नाही. एक स्वच्छ वस्त्र हाती देऊन ते हाताने चोळत, मळ निघून जावो असे म्हणत राहावयास सांगितले. वस्त्र मळले. जे स्वच्छ होते ते पाहता पाहता बदलले, हे चूळपंथकाने पाहिले आणि त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले. अट्ठकथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी ही कथा शिक्षणशास्त्राचा पाठ म्हणून पुरेशी आहे. कानाने पाठांतर न होणाऱ्या विद्यार्थ्याला शास्त्याने डोळ्यांनी आणि हातांनी शिकविले. पुढे अग्र श्रावकांच्या नामावलीत दोघा भावांची नावे आली, आणि ती प्रत्येकाच्या स्वतंत्र गुणासाठी आली. एकाला वर व दुसऱ्याला खाली बसविले गेले नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ज्या काळात मूल जगेल की नाही हाच प्रश्न असे, त्या काळापासून आपण फार दूर आलेलो नाही. रामजी सकपाळांच्या १४ अपत्यांपैकी पाचच वाचली. बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. जी मुले जगली त्यांच्यातही शिक्षणाचा घास सर्वांना पुरत नव्हता. रामजींच्या तुटपुंज्या मिळकतीत थोरले बंधू आनंदराव यांना नोकरी धरावी लागली, आणि धाकट्या भीमरावांचे शिक्षण चालू राहिले. आपल्या घराघरांत हेच घडले आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी एक भावंड वसतिगृहात आले आणि दुसरे गुरांमागे, वीटभट्टीवर किंवा धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी राहिले. पुष्कळदा ते घरी राहिलेले भावंड बहीण होती. कोणाला पाठवावयाचे हे ठरविताना ‘हा हुशार, ही साधारण’ असे म्हटले गेले. ते माप कधी घेतले गेले होते? बहुधा ते दोघे ओसरीवर रांगत होती तेव्हाच.

म्हणून आम्ही या सवयीला किरकोळ समजत नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी आहे याचे समाधान मिळावे, अशी ती रचना आहे. घरातील तुलना आणि जातिव्यवस्था यांना एकाच मापाने तोलण्याचा आमचा हेतू नाही. परंतु माणसाला श्रेणीत पाहण्याची नजर कोठेतरी प्रथम शिकविली जाते. ती निदान आपल्या घरात, पाळण्याच्या दोरीशी बसून शिकविली जाऊ नये, एवढा आग्रह आपण धरू शकतो.

या शाळेत भावंडे शिकतात, माजी विद्यार्थ्यांची मुले शिकतात. ‘तुझी बहीण या वर्गात पहिली येत असे’, ‘तुझे वडील येथे कबड्डीचे कप्तान होते’ ही वाक्ये प्रेमानेच उच्चारली जातात. ज्या मुलाला ती ऐकावी लागतात त्याला त्यांचे ओझे वाटते. शिक्षकवर्गाला आमची नम्र विनंती आहे की, प्रवेशाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला त्याच्याच नावाने ओळखावे, कोणाचा भाऊ म्हणून नव्हे. पालकांना विनंती आहे की, भेटीच्या रविवारी गुणपत्रिका पाहताना शेजारच्या मुलाची किंवा घरच्या भावंडाची गुणपत्रिका मनात उघडू नये. त्याच मुलाची मागील चाचणी पाहावी. माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, आपल्या गावातील अंगणवाडीत वर्षातून एकदा जावे, वजनकाटा चालू आहे की नाही ते पाहावे, आणि नव्या आईबापांना एवढेच सांगावे की तपासणी चुकवू नका आणि तुलना करू नका.

आमच्या कन्येला दिवाळीच्या सुट्टीत भाऊ कधी चालणार असे अनेकांनी विचारले. तिने त्यांना उत्तर दिले, ‘त्याला अजून रांगायचे आहे.’ या उत्तरात काही मोठे तत्त्वज्ञान आहे असे नाही. परंतु त्या मुलाच्या वाढीचा विचार त्याच्या बाजूने करणारे घरात कोणी आहे, आणि ते त्याचे थोरले भावंडच आहे, याचे आम्हांला समाधान वाटले. थोरल्या भावंडाचे खरे स्थान हेच आहे. त्याने धाकट्याचा हात धरावा. त्याच्या उंचीच्या खुणा भिंतीवर काढून धाकट्याला तेथे उभे करू नये.